गाडी जुनी, इंजिन दुसरे, कायदा तिसराच

कोणत्याही यंत्राचे सगळे भाग एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत. बैलगाडीची धाव झिजली म्हणजे शेतकरी धाव बदलतो, गाडी मोडीत काढीत नाही. विहिरीवरचा पंप निकामी झाला म्हणून कोणी विहीर बुजवीत नाही. मोटारगाडीच्या बाबतीत मात्र आपल्या राज्यकर्त्यांनी वयाचा एकच हिशेब मान्य केला आहे, आणि तो म्हणजे नोंदणीच्या तारखेपासून मोजलेली वर्षे. पंधरा वर्षे उलटली की गाडी ‘जुनी’ ठरते. तिची चासी कशी आहे, पत्रा किती सडला आहे, ब्रेक लागतात की नाही, यांचा विचार त्यानंतरचा. इंजिन झिजले असेल आणि बाकीची गाडी धडधाकट असेल, तर दुसरे योग्य इंजिन बसवून ती आणखी दहा वर्षे चालवावी, ही गोष्ट व्यवहारी माणसाला जितकी सरळ वाटते तितकीच ती आजच्या कायद्याला वाकडी वाटते.

प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला आहे. वस्तुतः तो भांडवलाच्या जपणुकीचा आहे. ज्या समाजात भांडवल दुर्मीळ आणि कारागिरी मुबलक असते, त्या समाजाने जुन्या वस्तूत कारागिरी ओतून तिचे आयुष्य वाढवावे, हा अर्थशास्त्रातला प्राथमिक धडा आहे. पालघर-बोईसरच्या परिसरात हा धडा पुस्तकातून कोणी घेतलेला नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने या भागात लेथ चालवणारे, वेल्डिंग करणारे आणि कोणत्याही यंत्राचे पोट उघडून पाहणारे हात तयार केले. मनोरच्या बाजूला किंवा चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गॅरेजांतून असे हात आजही दिसतात. या हातांना कायदेशीर काम द्यायचे की चोरटे, एवढाच खरा वाद आहे.

टंचाईतून जन्मलेली विद्या

एका गाडीत दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवण्याची विद्या आपल्याकडे हौसेतून आलेली नाही. परवाना पद्धतीच्या काळात देशात मोटारी बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला ॲम्बॅसेडर, मुंबईत कुर्ल्याला फियाट आणि मद्रासला स्टँडर्ड, एवढीच मध्यमवर्गीयाची निवड. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. अशा स्थितीत हाती असलेली गाडी हीच मालमत्ता होती आणि ती टिकवणे हाच शहाणपणा होता.

त्यात १९७३ साली तेलाचे संकट आले. खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या. सरकारने पेट्रोल ही चैनीची वस्तू मानून तिच्यावर कराचा भार टाकला आणि शेती व मालवाहतुकीसाठी डिझेल स्वस्त ठेवले. त्यामागील हेतू वाईट नव्हता; परंतु दोन इंधनांच्या किमतींत अशी दरी निर्माण केली की लोक ती ओलांडण्यासाठी पूल बांधणारच. तो पूल बांधला गॅरेजातल्या मिस्त्रींनी. ॲम्बॅसेडरमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन, जुन्या अवजड विलायती गाडीत एखाद्या ट्रकमधून किंवा टेम्पोतून उतरवलेले इंजिन, जीपमध्ये ट्रॅक्टरच्या कुळातले इंजिन, अशा जोडण्या महाराष्ट्रभर होऊ लागल्या. सुटे भाग आणि वापरलेली इंजिने कुर्ल्याच्या बाजारातून येत. बाकीचे काम लेथवर आणि छिन्नीहातोडीने होई.

या कामाला ‘जुगाड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठे कारखानेही त्या काळात नेमके हेच करीत होते. ॲम्बॅसेडरचा सांगाडा १९५० च्या दशकातल्या ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचा. त्याच सांगाड्यात १९८० च्या सुमारास डिझेल इंजिन आले आणि १९९० च्या दशकात जपानच्या इसुझूचे इंजिन बसले. २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत गाडीचे बाह्यरूप जवळजवळ तेच राहिले. त्याच कंपनीची काँटेसा १९८४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या भल्यामोठ्या देहात ॲम्बॅसेडरचेच दीड लिटरचे अशक्त इंजिन होते. तक्रारी झाल्यावर काही वर्षांत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन घालण्यात आले आणि तीच गाडी वेगळी वाटू लागली. महिंद्रांच्या जीपला प्रथम ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन मिळाले, नंतर फ्रान्सच्या प्युजोच्या परवान्याने बनलेले. प्रीमियर पद्मिनीलाही अखेरच्या काळात इटलीच्या एका कंपनीच्या सहकार्याने तयार झालेले डिझेल इंजिन बसवून ‘१३७ डी’ या नावाने विकण्यात आले. म्हणजे जुन्या सांगाड्यात परके इंजिन घालणे ही कल्पना कारखान्याने केली की ‘नवे मॉडेल’ ठरते आणि मिस्त्रीने केली की ‘बेकायदा फेरफार’ ठरते. दोहोंतला फरक चाचणीचा आहे, हे मान्य. पण तो फरक चाचणीचाच असेल, तर मिस्त्रीच्या कामाचीही चाचणी घेण्याची सोय असायला हवी, हे ओघानेच येते.

गॅरेजातला जमाखर्च

हे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही, आणि ते सोपे आहे असे भासवून त्याचे समर्थन करणेही योग्य नव्हे. इंजिन उचलून खोबणीत ठेवले आणि गाडी चालू झाली, असे घडत नाही. नव्या इंजिनाचे पाय जुन्या चासीवरील जागांशी जुळत नाहीत. माउंटिंग नवे बनवावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दोन्हीकडची भोके जुळवणारी जाड पोलादी प्लेट लेथवर कातावी लागते. तिचा मध्य केसाइतका जरी हलला, तरी क्लच आणि बेअरिंग काही महिन्यांत जाते. डिझेल इंजिन जड असते, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बसतात आणि स्टिअरिंग जड होते. ते कमी फेऱ्यांवर काम करते, म्हणून मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर जुळले नाही तर गाडी चढाला दमते किंवा सपाटीवर उगाच गुरगुरते. ज्या गाडीच्या ब्रेकला पेट्रोल इंजिनाच्या निर्वात ओढीची मदत मिळत असे, तिच्यात डिझेल इंजिन बसवताना निराळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. तो विसरला तर पाय ब्रेकवर असूनही गाडी थांबत नाही. रेडिएटर, सेल्फ, वायरिंग, सायलेन्सर यांची गोष्ट वेगळीच. उत्तम मिस्त्री हे सारे जाणतो. मध्यम मिस्त्री निम्मे जाणतो, आणि वाईट मिस्त्रीला यातले काहीच ठाऊक नसते; तरी तिघांचेही काम कायद्याच्या दृष्टीने सारखेच गुन्ह्याचे आहे. चांगल्या कारागिराला वाईटापासून वेगळे ओळखण्याचे साधनच कायद्याने ठेवलेले नाही.

आता आकडे पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी इंधनाचा दर लिटरला शंभर रुपये धरू. वाड्याकडचा एखादा शेतकरी किंवा बोईसरचा लहान कंत्राटदार आपल्या जुन्या गाडीतून महिन्याला दोन हजार किलोमीटर हिंडतो असे समजा. थकलेले इंजिन लिटरला नऊ किलोमीटर देते. म्हणजे महिन्याला सुमारे २२२ लिटर इंधन जळते. ऐंशी हजार रुपये खर्चून त्याने चांगल्या स्थितीतले, काटकसरीचे दुसरे इंजिन बसवले आणि गाडी पंधरा किलोमीटर देऊ लागली, तर इंधन १३३ लिटरवर येते. महिन्याला ८९ लिटर, म्हणजे ८,९०० रुपये वाचतात. ऐंशी हजारांची रक्कम नऊ महिन्यांत वसूल होते. त्याने तसे न करता आठ लाखांची नवी गाडी पाच वर्षांच्या कर्जावर, दहा टक्के व्याजाने घेतली, तर मासिक हप्ता सुमारे सतरा हजार रुपये पडतो. नवी गाडी लिटरला वीस किलोमीटर धावली तरी इंधनातली बचत १२,२०० रुपयांच्या पलीकडे जात नाही. हप्त्यातले उरलेले जवळजवळ पाच हजार रुपये तो खिशातून भरील, पाच वर्षे भरील, आणि भात गेलेल्या वर्षीही भरील.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गाडीचा हिशेब निराळा असणार. परंतु त्यांतून दिसणारी दिशा चुकीची नाही. ज्याच्याजवळ भांडवल कमी आणि उत्पन्न अनिश्चित, त्याच्या दृष्टीने दुरुस्ती हा कंजूषपणा नसून जोखीम टाळण्याचा मार्ग असतो. रेल्वेची लोकल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत पोहोचली हे खरे. पण रुळांच्या पूर्वेला जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांच्या वाटेवर अजूनही माणसाला चाकांसाठी स्वतःचीच तजवीज करावी लागते.

समुद्रावर चालते ते रस्त्यावर का नाही?

पालघरच्या वाचकाला याच संदर्भात सातपाटीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली त्या १९५० च्या दशकापासून यांत्रिकीकरणाच्या वाटेवर सातपाटीचे नाव पुढे आहे. ज्या होडीची बांधणी वाऱ्यासाठी झाली होती, तिच्या लाकडी पोटात इंजिन बसवणे हा त्या वेळी मोठा धाडसाचा प्रयोग होता. भार कुठे ठेवायचा, पंख्याचा दांडा कोठून बाहेर काढायचा, कंप सोसण्यासाठी लाकूड कोठे जाड करायचे, हे सुतार आणि फिटर यांनी मिळून शिकून घेतले. पुढे रस्त्यावरच्या ट्रकसाठी घडलेली इंजिनेही खाऱ्या पाण्याला अनुरूप फेरफार करून मासेमारी नौकांवर आली आणि आज त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पापलेटच्या मागे दूर समुद्रात जाणारा मच्छीमार ज्या इंजिनाच्या भरवशावर जीव सोपवतो, त्याच जातीचे इंजिन किनाऱ्यावरच्या एखाद्या गाडीत कोणी नीट बसवले तर तो गुन्हा व्हावा, यात तर्कशास्त्र कोणते?

या प्रयोगाला सरकारने योजनांचे आणि कर्जाचे पाठबळ दिले, सहकारी संस्थांनी हात दिला, म्हणून तो उजेडात झाला. उजेडात झालेल्या प्रयोगाच्या चुका दिसतात आणि दुरुस्त होतात. अंधारातल्या चुका फक्त अपघाताच्या दिवशी दिसतात.

तीन पायऱ्या आणि एक बंद दार

कायद्याचा प्रवास उद्बोधक आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा मूळ स्वरूपात आला तेव्हा त्यातील कलम ५२ समंजस होते. गाडीत बदल करायचा तर मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला आधी सूचना द्यावी व मान्यता घ्यावी. अधिकाऱ्याने सात दिवसांत कळवावे. न कळवल्यास मान्यता मिळाली असे समजावे, अशी त्यात तरतूद होती. नागरिकाचा वेळ मोलाचा आहे, हे मान्य करणारी अशी वाक्ये आपल्या कायद्यांत क्वचितच आढळतात.

२००० सालच्या दुरुस्तीने हे कलम बदलले. कारखानदाराने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असा सरसकट निर्बंध आला. अपवाद ठेवला तो मुख्यतः इंधन बदलण्याच्या मान्यताप्राप्त संचांचा. राज्य सरकारने अधिसूचनेने अधिकार दिल्यास, दहा किंवा त्याहून अधिक व्यावसायिक वाहने बाळगणाऱ्या मालकाला त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीविना बदलता येईल, अशीही मुभा आहे. दहा ट्रकांच्या मालकावर विश्वास आणि एका जीपच्या मालकावर संशय, असा हा न्याय आहे. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आणि मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला. न्यायालयाचा यात दोष नाही. संसदेने जे लिहिले तेच त्याने वाचले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली.

‘त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन’ हा वाक्प्रयोग ऐकायला निर्दोष आहे. पण पद्मिनीचे उत्पादन विसाव्या शतकाबरोबरच संपले, ॲम्बॅसेडरचे २०१४ मध्ये. तेच इंजिन नवे मिळणार कोठून? कायद्याने उघडे ठेवलेले दार बाजाराने केव्हाच बंद केले आहे.

दुसरे दार मान्यताप्राप्त संचांचे. आज सीएनजीचा संच बसवता येतो. विजेवर चालणाऱ्या संचांसाठीही मानके तयार आहेत. पण संचाला मान्यता मिळवायची तर उत्पादकाला चाचणी संस्थेकडून गाडीच्या प्रकारानुसार तपासण्या करून घ्याव्या लागतात. हा खर्च अर्थशास्त्राच्या भाषेत ‘स्थिर खर्च’ आहे. एक संच विकला काय अन् दहा हजार विकले काय, तो तेवढाच. लाखोंनी खपलेल्या मॉडेलवर तो वाटला जाऊन नगण्य होतो; ज्या जुन्या मॉडेलच्या गाड्या जिल्ह्यात जेमतेम शंभर उरल्या असतील, तिच्यासाठी कोणताही उत्पादक तो करणार नाही. कारखान्यासाठी आखलेली परीक्षा एकट्या माणसाने द्यावी, अशी अपेक्षा ठेवणारा नियम ही बंदीच होय. तिला फक्त बंदीचे नाव दिलेले नाही.

परिणाम काय होतो, हे सांगायला नकोच. आर.सी. बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाड्या गुपचूप फिरतात. त्यांच्या ब्रेकची तपासणी कोणी करीत नाही, कारण तपासणीला नेले तर चोरी उघडी पडेल. अपघात झाला तर विमा कंपनीला हुज्जत घालण्यास आयते निमित्त मिळते आणि भरपाईसाठी हेलपाटे घालण्याची वेळ रस्त्याने पायी जाणाऱ्या निरपराध माणसाच्या कुटुंबावर येते. उत्तरेत पाणी उपसण्याच्या इंजिनावर चालणाऱ्या ‘जुगाड’ गाड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, त्याही मोटार वाहनेच आहेत आणि नोंदणी व विम्यावाचून त्यांना रस्त्यावर येता येणार नाही. तो निर्णय योग्यच होता. परंतु नोंदणी आवश्यक ठरवायची आणि नोंदणीची वाट मात्र ठेवायची नाही, याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

कौतुक आणि परवानगी

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. भंगारातल्या सुट्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी सुमारे साठ हजार रुपयांत उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कल्पकतेची मनापासून दाद दिली. पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील, हे ओळखून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. या प्रसंगात सर्वांचीच वागणूक चांगली होती. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. आपल्या व्यवस्थेत कल्पकतेला जागा आहे ती प्रदर्शनात. रस्त्यावर तिला जागा नाही. ज्या शेकडो मिस्त्रींची चित्रफीत गाजत नाही, त्यांना बोलेरो कोण देणार?

दुसरीकडे, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने खास नियम केले. वीस हजार रुपये शुल्क भरून त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. वारसा जपला पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र शौकिनाच्या जुन्या गाडीसाठी जर सरकारला स्वतंत्र नियम सुचतात, तर पोटासाठी चालणाऱ्या जुन्या गाडीसाठी का सुचू नयेत? तिच्या वाट्याला येते ते पुनर्नोंदणीचे वाढते शुल्क. मोटारीसाठी ६०० रुपयांचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले आणि वीस वर्षांपुढील गाड्यांसाठी २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या मागणीवर तीन आक्षेप येतील आणि ते तिन्ही वजनदार आहेत.

पहिला प्रदूषणाचा. जुनी डिझेल इंजिने काळा धूर ओकीत आणि त्या धुराची किंमत इंजिन बसवणाऱ्याने नव्हे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फुप्फुसांनी मोजली. तारापूर परिसरातल्या रहिवाशांना प्रदूषण म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. म्हणून पेट्रोलच्या गाडीत जुने डिझेल इंजिन घालण्याच्या प्रथेचे पुनरुज्जीवन व्हावे, असे प्रस्तुत लेखकाचे मुळीच म्हणणे नाही. तसे करण्याचे कारणही आता ओसरले आहे. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि जुनी दरी पुष्कळशी बुजली. आजच्या बदलाची दिशा उलटी असावी: मूळ इंजिनापेक्षा स्वच्छ मानकाचे इंजिन, गॅस किंवा वीज. अशा बदलाने धूर घटतो आणि नवी गाडी घडवण्यात खर्ची पडणारे पोलाद व ऊर्जाही वाचते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी उतारवयात सीएनजीवर वर्षानुवर्षे प्रवासी वाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. जुन्या ब्रेकवर नवी ताकद लादणे घातक आहे, यात शंका नाही. म्हणूनच शक्तीवर आणि वजनावर मर्यादा हवी, आणि ब्रेकची प्रत्यक्ष चाचणी हवी. बंदीने ही चाचणी होत नाही. परवानगीच्या अटीनेच ती होऊ शकते.

तिसरा आक्षेप चोरीच्या इंजिनांचा. वापरलेल्या सुट्या भागांच्या बाजारात चोरीचा माल मिसळतो, हे उघड गुपित आहे. पण याच ठिकाणी भंगार धोरणाचा उपयोग करून घेता येईल. अधिकृत मोडणी केंद्रात निघालेल्या चांगल्या इंजिनांना क्रमांकासह प्रमाणपत्र द्यावे आणि अशीच इंजिने फेरबसवणीस पात्र ठरवावीत. चोराचा बाजार बसेल आणि मोडणी केंद्राला लोखंडाच्या भावापेक्षा चांगला भाव मिळेल.

करता येण्याजोगे

यासाठी नवा कायदा हवाच असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्येच केंद्र सरकारला फेरफार व फेरबसवणीच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. त्या अधिकाराखाली पुढील व्यवस्था करता येईल. एक, एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी. प्रकार-मान्यतेची मोठी परीक्षा नको. ब्रिटनमध्ये फेरफार केलेल्या गाडीची जुनी ओळख टिकते की नाही हे ठरवण्यासाठी दीर्घकाळ गुणपद्धती वापरली गेली. ओळख टिकवण्यास आठ गुण लागत. त्यांत चासीला पाच, स्टिअरिंग, ॲक्सल, सस्पेन्शन आणि ट्रान्समिशन यांना प्रत्येकी दोन आणि इंजिनाला फक्त एक गुण असे. गाडीची ओळख चासीत असते, हा सिद्धांत आपल्याही नोंदणीला परका नाही. दोन, पुण्याच्या ‘एआरएआय’ने सोप्या मराठीत एक तांत्रिक पुस्तिका तयार करावी: कोणत्या वजनाच्या गाडीत किती शक्तीचे इंजिन चालेल, ब्रेक आणि माउंटिंगचे निकष काय, धुराची मर्यादा काय. तीन, तपासणीसाठी जिल्ह्यातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांचा उपयोग करावा; विद्यार्थ्यांना खरे काम पाहायला मिळेल आणि मालकाला पुण्याची वारी पडणार नाही. चार, हे काम करणाऱ्या मिस्त्रींची परीक्षा घेऊन त्यांना परवाना द्यावा आणि कामाची जबाबदारी त्यांच्या सहीवर टाकावी. पाच, निर्णयाला मुदत असावी. १९८८ च्या कायद्यातले सात दिवस कमी वाटत असतील, तर तीस दिवस ठेवावेत.

हा मार्ग परकीयांचे अनुकरण करण्याचा नाही. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच उभे आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. १९६९ मध्ये त्या कार्यान्वित झाल्या. पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेने इंधन देण्यास काचकूच केली तेव्हा आपण भट्ट्या मोडीत काढल्या नाहीत. १९८२ च्या करारानुसार फ्रान्सचे, पुढे १९९० च्या दशकात चीनचे आणि नंतर रशियाचे इंधन त्यांच्यात वापरले. काही प्रमाणात देशातच बनवलेले मिश्र इंधनही घातले. मूळ क्षमता कमी करून त्या सांभाळून चालवल्या, दुरुस्त केल्या, आयुष्य वाढवले. यंत्र परके, इंधन तिसऱ्याचे आणि कारागिरी आपली, असा तो संसार होता. तो सुरक्षित राहिला, कारण प्रत्येक बदल कागदावर आला, तज्ज्ञांनी तपासला आणि कोणाच्या तरी सहीने मान्य झाला.

अणुभट्टीला जी शिस्त आणि जी सवलत राष्ट्राने दिली, तिचा शतांश जरी वाड्याच्या शेतकऱ्याच्या जीपला मिळाला, तरी तिच्या आर.सी. बुकावर खरे इंजिन लिहिले जाईल, तिचे ब्रेक कोणीतरी तपासील आणि ती जोडणाऱ्या मिस्त्रीला आपले नाव लपवावे लागणार नाही.